येते म्हणाली

निर्वासिताच्या खुर्चीचा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा करंगळीच्या नखाइतका आखूड होता. एवढ्या फरकानं खुर्ची पडत नाही, पण स्वस्थही राहत नाही. बसणाऱ्यानं वजन जरा मागे नेलं की तो पाय फरशीला टेकतो, पुढे आणलं की उचलला जातो, आणि टेकताना टक् असा लहान, कोरडा आवाज होतो. समोरची, सेविकेची खुर्ची मात्र चारही पायांवर ठाम होती. दोन्ही खुर्च्या एकाच सुताराच्या हातच्या. वर्ग भरायचा तो हिंगोलीच्या छावणीतला बंगला गोऱ्या साहेबानं सोडला तेव्हा एक खुर्ची आत राहिली आणि एक व्हरांड्यात पावसात, एवढाच दोघींच्या नशिबातला फरक. नर्मदेनं हे सगळं सेविकांच्या वर्गाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवलं होतं. आणखीही एक गोष्ट तिनं पाहून ठेवली होती, ती कुणाला सांगितली नव्हती. खरं बोलताना माणूस पुढे वाकतो आणि मनात नसलेलं बोलताना मागे रेलतो. म्हणून नरसीची गोजरबाई सरावात निर्वासित झाली, की खोलीत सारखी टकटक चालू असायची.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी निर्वासित व्हायची पाळी नर्मदेची होती. समोर सेविका म्हणून रूपाबाई बसली होती, कळमनुरीकडच्या तांड्यावरची, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि खुर्चीवर मांडी घालून बसण्याची सवय अजून न सुटलेली. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, संगं कोण हाय ते विचारलं, आज काय पायजे ते विचारलं. नर्मदेनं ठरल्याप्रमाणे एक घोंगडी मागितली. मग रूपाबाईनं छताकडे बघत पाठ केलेला पाचवा प्रश्न आठवला आणि एका दमात टाकला, "घरी वापस जायची इच्छा हाय का?" याचं उत्तरही ठरलेलंच होतं. निर्वासिताला घराची ओढ असते, ती ओढ हेच त्याचं बळ, असं फळ्यावर लिहून झालं होतं. या प्रश्नाला गोजरबाई पदर डोळ्यांना लावायची. नर्मदेला नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. जीभ नेहमीच्या जागी होती, ओली होती, दाताला लागत होती, पण तो एवढासा शब्द काही केल्या तिच्यावर येऊन बसेना. नर्मदा मागे रेलली. टक्. "व्हय म्हन की," रूपाबाई साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "काहून थांबून राहिली?" भिंतीशी उभ्या असलेल्या पुण्याच्या बाईंनी हात वर केला. त्यांचे डोळे पाणावले होते. "कुणी बोलू नका. हे मौन पाहा! निर्वासिताचं खरं दुःख असं असतं, शब्दांपलीकडचं. नर्मदाबाई, कसं जमलं हो तुम्हाला?" "दात दुखून राहिला," नर्मदा म्हणाली, आणि खुर्ची पुन्हा टक् झाली.

पुण्याच्या बाई मुळात साताऱ्याच्या होत्या. पण नगरच्या पलीकडून आलेलं सगळं पुण्याचंच, असा हिंगोलीचा हिशेब असल्यामुळे त्यांनीही दोन-तीनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. निर्वासितांसाठी नेमलेल्या समितीनं त्यांना मुंबईहून शिकून येताच इकडे धाडलं होतं. नदीपलीकडे वऱ्हाडात पळून गेलेली गावं आता परत येत होती, आणि गावातल्याच काही गल्ल्या, कालपर्यंत ज्यांच्या दारात उरुसाचे दिवे लागत त्या, कुलपं लावून कुठे कुठे दडून बसल्या होत्या. या सगळ्यांना बसवायचं, जेवू घालायचं, त्यांच्याशी बोलायचं, तर बोलणाऱ्या बायका आधी तयार करायला हव्यात असं समितीला वाटलं. बाईंजवळ इंग्रजीतलं एक जाड पुस्तक होतं. त्या ते हातात धरून येरझाऱ्या घालत आणि चालता चालता त्याचं मराठी करत, त्यामुळे भिंत आली की वाक्य तुटे. "निर्वासिताला सेविकेची सवय लागता कामा नये," असं म्हणून त्या एकदा भिंतीशी वळल्या होत्या. "म्हणून तो उठला की 'या' म्हणायचं नाही. 'या' म्हणजे पुन्हा या. पुन्हा या म्हणजे परावलंबन. सरळ 'जा' म्हणायचं." गोजरबाईनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली. "बाई, म्या कुत्र्याला बी जा म्हनत न्हाई. हाड म्हनते." "हे शास्त्र आहे, गोजरबाई." "आसंल. पर सरनावर ठिवल्याला बी कुनी जा म्हनत न्हाई. दारातून उठलेल्याला कसं म्हनावं?" रूपाबाई म्हणाली, "आमच्या तांड्यात सून भांडून निघाली तरी मागून ये म्हनत्यात. अन् आमी तर बैलांमागं पिढ्यान् पिढ्या फिरलेलो, जलमाचेच निर्वासित. आमाला कोन जा म्हनलं आसतं तर काठी घातली आसती." तरी सराव झाला. प्रत्येक बाई श्वास कोंडून 'जा' म्हणे, आणि कोंडलेला श्वास सुटताना त्याच्याबरोबर 'या' बाहेर पडे. जा, या. जा, या. शेवटी बाईंनी घाम पुसला आणि ज्या 'या' पुटपुटतील त्यांना अर्धे गुण द्यायचं ठरवलं.

नर्मदेला त्या दिवशी हसू आलं होतं. आता दात दुखत नसताना जबड्याला हात लावून व्हरांड्याच्या पायरीवर बसल्यावर ते हसू आठवून तिला बरं वाटेना. घराची ओढ. तिनं ती ओढ अंगात शोधून पाहिली, हरवलेली सुई शोधावी तशी, हात सपाट ठेवून, हलके हलके. कुरुंद्याच्या माहेरच्या विहिरीची एक ओढ सापडली, आणि ती सासरच्या, बाळापूरच्या घरापाशी आली की थांबे. मग एक भलतीच ओढ सापडली आणि तिनं चटकन हात काढून घेतला. ती उमरखेडकडच्या कापसाच्या जिनाच्या आवाराची होती. चैत्रात रझाकारांच्या भीतीनं सारं बाळापूर गाड्या जुंपून निघालं तेव्हा सासूनं घराला कुलूप घातलं, देवाला हात जोडले, आणि पैनगंगेचं पाणी चाकाच्या आसाला लागल्यावर तिला आठवलं की किल्ली घरातच कोनाड्यात राहिली. पुढे परत आल्यावर कुलूप जसंच्या तसं लटकलेलं बघून तिला आनंदानं रडू फुटलं, आणि मग जे दार कुठल्याच रझाकारानं फोडलं नव्हतं ते पोटच्या पोराला फोडावं लागलं. पण ते नंतर. नदीपलीकडे जिनाच्या आवारात पत्र्याखाली माणसांवर माणसं पडली होती, लेकरं रडत होती, कुणाचं काय मागे राहिलं याचं पुटपुटणं चालू होतं, आणि छावणीवरचा चष्मेवाला कार्यकर्ता भुकटीच्या दुधाचं पिंप ढवळत अगतिक होऊन इकडेतिकडे बघत होता. त्याची नजर सर्वांत जवळ उभ्या असलेल्या बाईवर पडली. दुसरी कुणी जवळ असती तर तिच्यावर पडली असती. "बाई, रांग चिंचेकडून लावू का विहिरीकडून?" नर्मदेनं पदर सावरला. तिला वाटलं तो सासूला विचारतोय. मग लक्षात आलं, आपल्याला. तिनं चिंचेकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, सूर्य कुठे आहे ते पाहिलं. विहिरीकडे ओल होती, म्हणजे चिखल, म्हणजे लेकरं घसरणार. "चिंचेकडून," ती म्हणाली, "पर तोंड उत्तरेला. न्हाईतर ऊन डोळ्यात जातंय." आणि त्या शहाण्यासारख्या दिसणाऱ्या माणसानं खरंच तोंड उत्तरेला केलं.

त्या रात्री सरकीच्या पोत्यांवर, शंभर माणसांच्या खोकल्यात, नर्मदेला अशी झोप लागली की सकाळी सासूनं तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. पुढचे महिने दुधाची रांग तिची होती. कुणाच्या लेकराला पचतं, कुणाला पाणी जास्त, कोण दुसऱ्यांदा उभं राहतं आणि ते का, सगळं तिला कळू लागलं. लोक विचारत, बाई, आज किती वाजता? बाई, म्हातारीसाठी नेऊ का? विचारत आणि उत्तरासाठी थांबत. तिच्या गालांवर मांस आलं. सगळे रडत असताना आपण जाड होतोय याची तिला इतकी लाज वाटली की तिनं हळहळायची वेळ ठरवून घेतली: दुपारचं वाटप झालं की बायकांत जाऊन बसायचं आणि गुडघ्यावर हात ठेवून दोन सुस्कारे सोडायचे. बाळापूरचं घर तिला आठवे, नाही असं नाही. त्या घरात वाईट काही नव्हतं, हे तिला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागे. कुणी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही, मूल झालं नाही म्हणून सवत आणली नाही. सासू फक्त दिवसभर कुणालाच उद्देशून नसलेली वाक्यं घरात सोडून देई. पानी सरलं वाटतं. श्यान तसंच पडलंय. सांज झाली म्हनायची. ती वाक्यं कोंबड्यांसारखी घरभर फिरत आणि शेवटी नर्मदेच्या पायाशी येऊन उभी राहत. नवरा तेवढंही बोलत नसे. तो बैलांशी बोले, गोठ्यात, सविस्तर. भिंतीपलीकडून तिला ऐकू येई, "काय रं, दमला का? पानी पितो का आजून?" एकदा चुलीपुढे भाकरी थापताना तिच्या तोंडून नकळत "न्हाई" निघून गेलं होतं, आणि मग ती पिठाचे हात तसेच ठेवून एकटीच हसत बसली होती. भाकरी जळली. 'वास येतोय कसलातरी,' असं एक वाक्य त्या दिवशी घरात फिरलं.

म्हणून भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि गाड्या परत जुंपल्या गेल्या, तेव्हा नर्मदा चिंचेखाली उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. येते मागून." अजून कितीतरी लेकरं दुधाची होती, हे खरंच होतं. मग लेकरं गेली. मग चष्मेवाल्यानं तिचं नाव हिंगोलीच्या वर्गासाठी कळवलं. वाशीमच्या मामाकडे राहून ती मराठी सातवी झाली होती, एवढं कारण पुरलं. आणि हिंगोलीच्या पहिल्याच बाजाराला बंगल्यासमोरच्या निंबाखाली पटका बांधलेला एक माणूस, तिचा नवरा, येऊन उभा राहिला. मोटारीची धूळ अंगावर, काखेत गाठोडं. नर्मदेनं त्याला पेल्यातून चहा आणून दिला. त्यानं तो बशी मागून, फुंकून, संपवला. ज्वारी निसवून कणसं धरली होती. एक बैल लंगडत होता. आईचा गुडघा धरला होता. मग दर बाजाराला तो असा येई, आणि घरचं एवढं बोलून झालं की "मंग?" म्हणे. त्या 'मंग'ला प्रश्न म्हणावं की नुसता श्वास, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. वर्गाची घंटा होई. ती उठे, पदर सावरे, आणि जाताना कोणतीही बाई म्हणते तेच म्हणे, "बरं, येते." त्याचा चेहरा सैल होई. तो पटका नीट करी आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागे.

यात काही चुकतंय हे तिला बाळापूरच्या शालूबाईकडून कळलं. ही शालूबाई म्हणजे त्यांच्या ओट्याला ओटा लागलेली शेजारीण, मिरच्या विकायला आलेली. "काय गं बाई," ती निंबाखालीच फतकल मारून म्हणाली, "तुझी सासू दर बाजाराला ओटा सारवती, एक भाकर जास्तीची टाकती, अन् येशीकडं डोळे लावून बसती. उकंडराव येकलाच येतो. इचारलं का म्हनतो, येते म्हनली. म्होरल्या बाजाराला पुना, येते म्हनली. गावात पोरं आता तुला नावानं वळखत न्हाईत. येते-म्हनलीचं घर म्हनत्यात." ती हसली आणि नर्मदाही हसली. नर्मदा खोटं कधी बोलली नव्हती. निघताना बाई येते म्हणणार नाही तर काय म्हणणार? पण निंबाखालून उठताना जो शब्द निरोपाचा असे, तो अड्ड्यापर्यंत पोचताना वचनाचा होई आणि बाळापूरच्या वेशीत शिरताना जास्तीच्या भाकरीचा. ती रात्रभर त्या शब्दाकडे बघत राहिली, काचेच्या लोलकाकडे बघावं तशी. एका बाजूनं धरला तर नुसतं पांढरं. जरा फिरवला की नको ते सगळे रंग. आणि पुढच्या बाजाराला, सगळं माहीत असताना, ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "बरं, येते." आता मात्र ते खोटं होतं. एवढं सोयीचं खोटं तिला पुन्हा सापडलं नसतं.

गाठोड्याचीही एक गंमत होती. तो दर वेळी तिची एक वस्तू घेऊन येई. थंडी पडली म्हणून तिची वाकळ. दोन लुगडी, घडी मोडलेली. फणी. कुंकवाचा करंडा. एकदा तिचा पाट्यावरचा वरवंटा, तो मोटारीत शेजारी बसलेल्या बाईच्या पायावर पडून भांडण झालं होतं म्हणे. "आई म्हनली, येस्तोवर लागंल तिला," असं तो जमिनीकडे बघत सांगे. नर्मदेला घरी न्यायला येणारा माणूस घरच इकडे आणून टाकतोय, हे तिच्या आधी रूपाबाईच्या लक्षात आलं. "असाच येत राह्यला तर चैताला तुझी सासू बी येतीया गाठुड्यातून," ती म्हणाली, आणि गोजरबाईला ठसका लागला. नर्मदा वस्तू ओळीनं कोनाड्यात लावत गेली. इकडे पुण्याच्या बाईंनी तिला दोनदा बोलावून विचारलं होतं: वर्ग संपला की कळमनुरीच्या केंद्रावर सेविका म्हणून राहाल का? नदी ओलांडून येणारा माणूस आधी तिथेच टेकतो. एक खोली मिळेल. दोन वेळा नर्मदेनं "सांगते" म्हटलं होतं. घरी येते आणि इथे सांगते, या दोन शब्दांवर ती साऱ्या थंडीत शेकत बसली होती. केंद्रावर जावं असं का वाटतं, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. सरावासाठी बाईंनी त्यांना खऱ्या माणसांकडे धाडलं होतं तेव्हा दर्ग्याच्या ओसरीवर तिला एक बुढी भेटली, वसमतकडची. एक बकरी आणि एक पेटी घेऊन बसलेली. मुलगा कुठे होता ते ती सांगत नव्हती. नर्मदेनं पाठ केलेले प्रश्न मामाच्या वाशीमच्या हिंदीत कसेबसे विचारले आणि पाचव्याला म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "इत्ते लोगां आए," ती म्हणाली, "चावल दिए, चद्दर दिए. जाना क्या, करके कोई पूछे नै." जायचंय का, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. तिनं नर्मदेला बकरीचं दूध दिलं. ते बिनसाखरेचं होतं आणि नर्मदेनं पेला विसळून परत ठेवला तेव्हा तिला चिंच, विहीर आणि उत्तर दिशा एकदम आठवली.

वर्गाची परीक्षा बाजाराच्या दिवशी आली. बाईंनी ठरवलं होतं की परीक्षेतला निर्वासित अनोळखी हवा, नाहीतर बायका एकमेकींना खुणा करतात. चहावाल्याला बोलावलं, तर तो परीक्षा शब्द ऐकून दुकान उघडं टाकून पळाला. बाई खिडकीशी गेल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "तो गृहस्थ कोण झाडाखाली? काय चेहरा आहे! केवढं विस्थापन आहे त्या चेहऱ्यावर!" दर बाजाराला तो येई तेव्हा बाई आत जेवायला बसलेल्या असत. गोजरबाईनं बाहेर पाहिलं, नर्मदेकडे पाहिलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. रूपाबाईनं सांगायला हवं होतं, पण तिचे डोळे चमकत होते. नर्मदेनं तर सांगायलाच हवं होतं. जीभ पुन्हा नेहमीच्या जागी होती, ओली होती. तोवर बाई बाहेर जाऊन त्याला घेऊनही आल्या होत्या, "घाबरू नका, फक्त खरं खरं बोलायचं" असं समजावत, आणि उकंडराव गाठोडं मांडीवर धरून निर्वासिताच्या खुर्चीवर टेकला होता. खुर्चीची सवय नसल्यानं तो अगदी पुढच्या कडेवर, ओट्यावर बसावं तसा बसला. मागचा डावा पाय हवेत राहिला. आवाज झाला नाही. नर्मदा समोरच्या ठाम खुर्चीवर बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि एवढ्या उजेडात, एका उंचीवर, समोरासमोर ती दोघं पहिल्यांदा बसत होती. त्याच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस होता.

"सुरू करा," बाई म्हणाल्या. "नाव?" नर्मदेनं विचारलं. "उकंडराव," तो आज्ञाधारकपणे म्हणाला. ऐकलेलं नाव सेविकेनं मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे समोरच्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, असा नियम होता. नर्मदेनं फरशीकडे पाहिलं. शेवटी तोच पुढे वाकला आणि हळू म्हणाला, "म्हन, म्हन. परिक्षेपुरतं चालतंय." "उकंडराव," नर्मदा म्हणाली. ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाटलं, आणि तसं बरं होतं. "गाव?" "बाळापूर. तुला... तुमाला म्हाईत आसंल." "संगं कोन हाय?" "आई. अन् दोन बैल. त्यातला येक नवा." "कव्हा घेतला?" हे यादीत नव्हतं, तिच्या तोंडून निघून गेलं. "मागल्या बाजाराला. शिंगं जरा आत हायती. पर पायाचा चांगला." "अवांतर," बाई पुटपुटल्या, "पण विश्वास संपादन होतोय." नर्मदेनं पुढचा प्रश्न घेतला. "आज तुमाला काय पायजे?"

उकंडराव मौनात शिरला असं बाईंना वाटलं, पण नर्मदेला तो चेहरा ओळखू आला, कारण तो तिनं आतून पाहिला होता. तो चिंचेकडे बघत होता. तो विहिरीकडे बघत होता. सूर्य कुठे आहे ते बघत होता. या माणसाला आजवर कुणी हे विचारलेलंच नव्हतं. आईची वाक्यं त्याच्याही पायाशी येऊन उभी राहत असणार, औत मोडलंय वाटतं, आभाळ आलंय, आणि तो उठत असणार. त्या घरात आपल्याला कुणी काही विचारलं नाही म्हणून ती नऊ वर्षं मनातल्या मनात कण्हत होती, आणि तिनं तरी कुणाला काय विचारलं होतं? एवढंसं उत्तर एकदा चुलीपुढून दिलं, तेही बैलाच्या वतीनं. तिला एकदम हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकाच नळीतून जायला बघत होती, म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला.

"मला तसं काई नको," तो सावकाश म्हणाला. "येक खरं काय ते पायजे. मंडळी येते म्हनती. दर बाजाराला येते म्हनती. म्या घरी जाऊन सांगतो, येते म्हनली. आई भाकर टाकती. दुसऱ्या दिशी ती भाकर बैल खातो." त्यानं गाठोड्याची गाठ सोडली आणि आतून तांब्या काढून दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला. लग्नातला, गळ्यावर तिचं नाव घातलेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला. "ह्यो शेवटचा. तिकडं आता तिचं काई राह्यलं न्हाई. म्या समदं हुडकून आनलं. आई न्हाई म्हनली व्हती, येक बी वस्तू देऊ नगं म्हनली. म्याच आनलं." तो तांब्याकडे बघत होता. "येत नसंल तर तसं म्हनावं. मानूस दुसऱ्या कामाला लागतो. पर म्हनावं. येते म्हनलं का जाता येत न्हाई अन् राहता येत न्हाई." "अप्रतिम," पुण्याच्या बाई श्वास रोखून म्हणाल्या, "पाचवा प्रश्न घ्या." गोजरबाईच्या तोंडातला पदर कधीच गळून पडला होता.

"घरी वापस जायची इच्छा हाय का?" नर्मदेनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "मोटार तीनाची हाय." आणि खुर्ची वाजली नाही.

"छान. आता समारोप," बाई म्हणाल्या. "काय म्हणायचं ते लक्षात आहे ना, नर्मदाबाई? 'या' म्हटलंत तर अर्धेच गुण."

नर्मदा उठली. हात सवयीनं पदराकडे गेला आणि सवयीनं तो शब्दही जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला, तयार, सारवलेल्या ओट्यासारखा गुळगुळीत. उकंडरावानं पटका नीट केला. या ठिकाणी तो नेहमी नीट करी. मग तो थांबला आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे रेलून तिच्या तोंडाकडे बघू लागला. टक्. नर्मदेनं वाकून फरशीवरचा तांब्या उचलला. तो गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा जड.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी येत जा."